आमचे पेपर मोजू नका, चालवून पाहा

प्रति,
मा. कुलगुरू आणि संशोधन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात विद्यापीठाची दोन पत्रं एकाच दिवशी माझ्या टेबलावर आली. पहिल्या पत्राप्रमाणे संगणक आणि दूरसंचार या दोन्ही विभागांतल्या प्रत्येक अध्यापकाने यापुढे वर्षाला किमान ४ पेपर अनुक्रमित जर्नलमध्ये छापून आणायचे आहेत आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रबंध देण्याआधी ३. पदोन्नती, परिषदांचा प्रवासखर्च, लॅबचा निधी, सगळं या आकड्यावर ठरणार. दुसरं पत्र चार ओळींचं होतं. आमच्या लॅबमधला जुना सर्व्हर ‘उत्पादक वापरात नसल्याने’ १५ दिवसांत बंद होणार, आवश्यक फाइल अन्यत्र हलवाव्यात.

ही पत्रं दोन वेगळ्या कार्यालयांतून निघाली असतील. मला मात्र ती एकाच पत्राची पाठपोट दोन पानं वाटली. याबद्दल रीतसर दोनदा लिहून पाहिलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी या विद्यापीठात १९ वर्षं दूरसंचार शिकवते. माझ्या नावावर ४३ पेपर आहेत. त्यांतले पाच-सहा मी आजही कुणासमोरही ठेवीन. उरलेल्यांबद्दल आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझाच हात थरथरणार नाही.

२००० मध्ये हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी ‘लीच’ नावाची एक पद्धत मांडली. बॅटरीवर चालणारे शेकडो छोटे सेन्सर एखाद्या परिसरात पसरलेत, त्यांनी माहिती मुख्य केंद्राकडे कशी पोहोचवायची? उत्तर असं की त्यांनी गट करायचे आणि दर फेरीला गटप्रमुख बदलायचा, म्हणजे बोलायचं ओझं एकाच सेन्सरवर पडून त्याची बॅटरी आधी संपणार नाही. साधी आणि देखणी कल्पना. तिच्यानंतर जगभर ‘सुधारित लीच’चं पीक आलं आणि त्या पिकात माझेही सहा पेपर आहेत. कृती ठरलेली असे, सगळी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी प्रयोगात. १०० नोड (म्हणजे सेन्सर), १०० मीटर लांब-रुंद चौकोन, प्रत्येक नोडला अर्धा ज्यूल ऊर्जा. गटप्रमुख निवडायच्या सूत्रात एक गुणक घुसवायचा आणि पहिला नोड कितव्या फेरीत ‘मेला’ याचा ग्राफ काढायचा. आपली रेघ मूळ रेघेच्या वर गेली की पेपर झाला. ते सहा पेपर लिहीत होते त्या काळात खराखुरा सेन्सर मी हातात धरलेला नाही. आमच्या त्या चौकोनात कधी भिंत आली नाही, पाऊस पडला नाही, कुणाचं कनेक्शन सैल झालं नाही.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी तुलनेसाठी यातलाच एक पेपर पुन्हा चालवायला बसली. कोड सापडला, ‘फायनल_फायनल_२’ नावाच्या फोल्डरमध्ये. रात्री साडेदहाला ती लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “मॅडम, या ओळीत सीड ७ का आहे?” सिम्युलेशनमधली यदृच्छा ज्या आकड्यापासून सुरू होते तो सीड. आकडा बदलला की नोड वेगळ्या जागी पडतात आणि निकालही थोडा बदलतो. म्हणून वेगवेगळे सीड घेऊन अनेकदा चालवायचं, सरासरी काढायची आणि किती वर-खाली होतं तेही दाखवायचं असतं. तिने ४० सीड घेऊन चालवलं. मी छापलेली २३ टक्क्यांची सुधारणा कधी ९ टक्के येत होती, कधी शून्याच्या खाली. ७ का, हे तिला कळेना. मला माहीत होतं. ७ वर ग्राफ चांगला दिसत होता.

त्या पेपरला विद्यापीठाने त्या वर्षी पारितोषिक दिलं होतं. प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात आहे. कोड कुणीच मागितला नव्हता. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनेही नाही आणि आपणही नाही.

हे सांगण्याचं कारण एवढंच की नव्या परिपत्रकाने काय पिकणार ते मला बाहेरून बघून सांगावं लागत नाही. आता तक्रारी.

पहिली तक्रार मोजण्याच्या पद्धतीची. आकडा मागितला की आकडा मिळतो, तो कुठून आला ते कुणी पाहत नाही. संगणक विभागात नेटवर्कवरचे हल्ले ओळखण्याचे पेपर आजही ‘केडीडी ९९’ या डेटासेटवर लिहिले जातात. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत १९९८ मध्ये कृत्रिम वाहतूक तयार करून जमवलेला हा डेटा. २००९ मध्येच तपासून दाखवलं गेलं की त्याच्या प्रशिक्षण संचातल्या ७८ टक्के नोंदी आणि चाचणी संचातल्या ७५ टक्के नोंदी नुसत्या पुनरावृत्त्या आहेत. विद्यार्थ्याला तोच प्रश्न पन्नासदा घोकायला लावून परीक्षेतही तोच विचारला तर त्याला पैकीच्या पैकी मिळणारच. तरीही ‘९९ टक्क्यांहून अधिक अचूकता’ लिहिलेला पेपर छापून येतो, आपल्या तक्त्यात १ धरला जातो आणि खऱ्या नेटवर्कवर लावला तर पहिल्याच दिवशी आंधळा ठरतो. लावून बघायचं मात्र कुणी सुचवत नाही. त्याला गुण नाहीत.

याच्या पुढची पायरी शुद्ध बनावट. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्राचे निरर्थक पेपर आपोआप तयार करणारा ‘सायजेन’ हा प्रोग्रॅम थट्टेने लिहिला. पुढे तशा १२० हून अधिक मजकुरांना नामांकित प्रकाशकांच्या परिषद-संग्रहांत जागा मिळाल्याचं उघड झालं आणि २०१४ मध्ये ते काढावे लागले. २०२१ मध्ये काबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तिघांनी आणखी एक प्रकार उजेडात आणला. उचललेला मजकूर पकडला जाऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतात, आणि यंत्राला पारिभाषिक शब्द कळत नाहीत. मग ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ होतं, ‘बिग डेटा’चं ‘कोलॉसल इन्फर्मेशन’ आणि आमच्या ‘सिग्नल टू नॉइज’चं ‘फ्लॅग टू क्लॅमर’. हसू येतं खरं, पण दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा जिथे अडखळेल तिथून हे पेपर मार्गदर्शक, सहलेखक, रिव्ह्यूअर आणि संपादक अशा चौघांच्या नजरेखालून गेले. म्हणजे चौघांपैकी कुणीच वाचले नाहीत.

दुसरी तक्रार छोटी आहे, पण मला सर्वांत जास्त लागलेली. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेने ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले. त्यांत ‘वायरलेस कम्युनिकेशन्स अँड मोबाइल कम्प्युटिंग’सारखी आमच्याच विषयाची जर्नल होती. जगभरच्या विद्यापीठांना त्यानंतर आपापले तक्ते तपासावे लागले. आपण तपासले का? आपल्या विद्यापीठाचेही काही पेपर वेगवेगळ्या जर्नलांनी मागे घेतले आहेत, हे विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुजबुज चालते. वार्षिक अहवालातल्या एकूण संख्येत मात्र ते पेपर अजून जसेच्या तसे आहेत. ज्यांच्या नावावर ते आहेत त्यांना शिक्षा करा असं मी म्हणत नाही. काहींची चूक असेल, काहींची फसगत, काहींचा नुसता आळस. पण लेखकांनी आणि जर्नलने जे परत घेतलं ते आपण आपल्या खात्यावर ठेवायचं, याला काय म्हणावं?

तिसरी तक्रार वेळेची, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझा विषयच हा आहे.

तुमच्या हातातला फोन ५जी असेल तर त्यात दोन प्रकारचे कोड काम करतात. हवेतून येताना बिट बिघडतात, ते दुरुस्त करणारे हे कोड. डेटा वाहून नेणाऱ्या वाहिनीवर एलडीपीसी कोड असतात आणि नियंत्रणाच्या वाहिनीवर पोलर कोड. एलडीपीसी रॉबर्ट गॅलगर यांनी एमआयटीतल्या १९६० च्या आपल्या पीएचडी प्रबंधात मांडले. त्या काळच्या संगणकांना ते पेलणारे नव्हते. तीसेक वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९९० च्या दशकात मॅके आणि नील यांनी ते पुन्हा वर काढले. पोलर कोड एर्दाल अरिकान यांचे. ते गॅलगर यांचेच विद्यार्थी. १९८७ पासून अंकाऱ्याच्या बिल्केंट विद्यापीठात शिकवत होते. पोलर कोडचा त्यांचा पेपर आला जुलै २००९ मध्ये, एकट्याच्या नावावर. एखाद्या वाहिनीतून बिनचूक माहिती जास्तीत जास्त किती वेगाने पाठवता येते, ती मर्यादा क्लॉड शॅननने १९४८ मध्ये सांगितली होती; त्या मर्यादेपर्यंत सिद्धतेसह आणि माफक गणितात पोहोचणारी ती पहिली रचना. २०१६ मध्ये ५जीसाठी तिची निवड झाली.

गुरूची कल्पना रुजायला तीस वर्षं लागली. शिष्याला विद्यापीठाने दोन दशकं निवांत विचार करू दिला. आपल्या परिपत्रकात अरिकान बसवून पाहा. वर्षाला चार या हिशेबाने २००९ पर्यंत त्यांच्याकडून ८० हून अधिक पेपर हवे होते. कदाचित त्यांनी ते लिहिलेही असते. मग पोलर कोड कधी लिहिले असते?

आमच्याच विषयातला टर्बो कोडचा, म्हणजे बिघडलेले बिट दुरुस्त करणाऱ्या आणखी एका कोडचा, किस्साही इथे सांगण्यासारखा आहे. १९९३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत बेरू, ग्लाव्यू आणि थितिमज्शिमा यांनी शॅननच्या मर्यादेपासून अवघ्या ०.७ डेसिबलवर पोहोचल्याचं सांगितलं. जाणकारांचा विश्वास बसेना. कुठेतरी हिशेब चुकला असणार, असंच अनेकांना वाटलं. मग लोकांनी आपापल्या संगणकावर तीच रचना चालवली आणि निकाल तोच आला. शंका तिथेच मिटली आणि ३जी-४जीचे फोन त्याच कोडवर चालले. ती परिषद किती वरच्या दर्जाची आणि कुठल्या यादीतली, हा प्रश्नच आला नाही.

इथून थेट चौथ्या तक्रारीकडे येते, म्हणजे सर्व्हरकडे.

‘उत्पादक वापरात नसलेल्या’ त्या सर्व्हरवर काय होतं ते निर्णय घेणाऱ्यांनी एकदा तरी उघडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी ११ आठवडे विभागाच्या पाचही मजल्यांवर फिरून रेडिओ सिग्नल मोजला होता. सॉफ्टवेअर रेडिओचा डबा ट्रॉलीवर ठेवायचा, अँटेना कमरेच्या उंचीवर बांधायचा, फरशीवर खडूने खूण केलेल्या प्रत्येक जागी थांबून नोंद घ्यायची. लोक मध्ये येतात म्हणून बरंचसं काम रात्री. त्या फाइलमध्ये वारंवारता, अंतर, शक्ती यांच्यापुढे एक हाताने भरलेला रकाना आहे, ‘लिफ्ट कुठे होती’. तिसऱ्या रात्री त्यांच्या लक्षात आलं की त्याच जागी, त्याच वेळी मोजलेले आकडे जुळत नाहीत. आणि पाचव्या रात्री कळलं की लिफ्टचा धातूचा डबा त्या मजल्यावर असला की सिग्नल बदलतो. आधीच्या चार रात्रींच्या नोंदी फेकून त्यांनी पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या नोकरीत पाहिलेलं सर्वांत प्रामाणिक संशोधन ते.

त्यावरचा पेपर तीन जर्नलांनी परत पाठवला. ‘नावीन्य नाही.’ खरंच नव्हतं. पाठ्यपुस्तकातलं सूत्र आमच्या इमारतीत कुठे चुकतं एवढंच त्यात होतं. पण तो डेटा आम्ही सर्व्हरवर खुला ठेवला आणि अनोळखी संशोधकांनी तो उतरवून घेऊन आपापल्या कामाला वापरला, पत्र लिहून शंका विचारल्या. त्या मुलांच्या नावापुढे आपल्या तक्त्यात शून्य आहे. माझ्या सीड ७ च्या पेपरापुढे पारितोषिक आहे.

सर्व्हर ठरल्या दिवशी बंद झाला. मोजमापाचा डेटा मी वेळेवर हलवू शकले. गेल्या दहा वर्षांच्या प्रबंधांचे कोड ज्या डिस्कवर होते ती डिस्क हलवताना अर्ध्यावर बंद पडली. दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवण्यासाठी साठवणुकीची मागणी मी तीन अंदाजपत्रकांत केली होती, तिन्ही वेळा ‘संशोधन निष्पत्तीशी थेट संबंध नाही’ असा शेरा आला. आता ते प्रबंध ग्रंथालयात पुठ्ठ्याच्या बांधणीत उभे आहेत. त्यांतला एकही ग्राफ खरा की खोटा हे आपल्यापैकी कुणालाही दाखवता येणार नाही, ज्यांनी काढला त्यांनासुद्धा नाही.

ही दुरवस्था एकट्या आपल्याच विद्यापीठाची नाही, हे मला मान्य आहे. कोलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक-प्रणालींवरचे ६०१ पेपर तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत कोडवर आधारलेले ४०२ निघाले. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पेपरांचा कोड मिळून अर्ध्या तासात कम्पाइल झाला, म्हणजे चालवण्याजोगा तयार झाला. निकाल बरोबर होते का, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. नुसता कोड मिळतो का आणि उभा राहतो का, एवढंच. सगळीकडे हेच आहे म्हणून आपण हात झटकायचे, की आपल्यापुरतं तरी दुरुस्त करायचं?

पाचवी तक्रार विद्यार्थ्यांच्या वतीने. ३ पेपरांच्या अटीमुळे पीएचडीचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी लवकर छापता येईल असा प्रश्न शोधू लागतो. अवघड प्रश्नाला हात घालायची हिंमत माणसात ज्या वयात असते त्याच वयात आपण त्याला हिशेबी करतो. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या नुकत्याच पदवीधर झालेल्या दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन २००२ मध्ये संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याची निश्चित पद्धत शोधली. छापील पेपर ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये २००४ ला आला. मधली दोन वर्षं जगभरचे गणिती तो निकाल वाचत, तपासत, सोपा करत होते. आपल्या तक्त्यात त्या दोन वर्षांपुढे शून्य पडलं असतं.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आकडा येण्याआधीचा काळ मी पाहिला आहे. तेव्हा पदोन्नती कुणाच्या खोलीत कोण चहा प्यायला बसतो त्यावर ठरायची. वीस वर्षं एक ओळ न लिहिता माणसं प्राध्यापक झाली. आकड्याने त्यांची सोय मोडली आणि माझ्यासारखीला, जिचा वर कुणी नव्हता, आकड्यानेच वर आणलं. मानांकनाच्या अर्जात परिषदेला संख्या भरावी लागते, निधी देणारे तीच विचारतात, हेही समजतं. तेव्हा हिशेब नकोच, असं मी म्हणत नाही. हिशेब वाचून करावा, एवढंच म्हणते. त्याला वेळ लागतो, आणि वाचणाऱ्याला विषय यावा लागतो. अडचण खरी तिथेच आहे.

मागण्या अशा:

किमान पेपरसंख्येचं परिपत्रक स्थगित करावं आणि दोन्ही विभागांच्या अध्यापकांशी व पीएचडी विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय नव्याने काढू नये.

पदोन्नतीसाठी प्रत्येकाने स्वतः निवडलेली तीन कामं मागवावीत. ती पेपर असोत, सॉफ्टवेअर असो, डेटासेट असो वा मोजमापाचं उपकरण. प्रत्येकाबरोबर एका पानात लिहून द्यावं की यातून काय कळलं आणि कुणी वापरलं. विषयातल्या, पण विद्यापीठाबाहेरच्या दोघांनी ती वाचावीत. संख्या त्या समितीसमोर येऊच नये.

प्रबंधासोबत कोड, डेटा आणि सीडसह सगळी मांडणी विद्यापीठाच्या भांडारात जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षा होऊ नये. त्यातला किमान एक ग्राफ मार्गदर्शक सोडून दुसऱ्या कुणीतरी चालवून पाहावा. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अनेक परिषदांत पेपरासोबतचा कोड स्वतंत्रपणे तपासून तशी खूण पेपरावर छापतात. आपल्याला नव्याने काही शोधून काढायचं नाही.

त्या भांडारासाठी साठवणूक, तिची दुसरी प्रत आणि सांभाळणारा एक पूर्णवेळ अभियंता द्यावा. बंद पडलेली डिस्क तज्ज्ञांकडे पाठवून त्यातलं मिळेल तेवढं परत आणावं.

मागे घेतलेले पेपर वार्षिक अहवालातून वगळून त्यांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी. पुढे कुणी स्वतःहून चूक कबूल करून पेपर मागे घेतला तर त्याच्या नोंदीत तो डाग धरू नये.

पीएचडीची ३ पेपरांची अट काढावी. प्रबंध चांगला आहे की नाही हे परीक्षकांनी प्रबंध वाचून ठरवावं.

यातली पाचवी मागणी मी माझ्यापासून सुरू केली आहे. सीड ७ चा तो पेपर मागे घ्यावा असं त्या जर्नलच्या संपादकांना मी सोमवारी कळवलं, ४० सीडचे निकाल आणि विद्यार्थिनीच्या परवानगीने तिचं नाव जोडून. सहलेखकांना आधी फोन केला होता. एकाने होकार दिला, दुसरे अजून बोलत नाहीत. पारितोषिकाचं प्रमाणपत्र आपल्या कार्यालयात आवक-जावकला जमा केलं असून त्याची पोच माझ्याकडे आहे. यंदाच्या अहवालाचा नमुनाही भरून पाठवला आहे. त्यात ‘प्रकाशित पेपरांची संख्या’ हा रकाना ४२ वर आणला आहे आणि मोजमापाच्या डेटाची प्रत सोबत जोडली आहे. लिफ्टचा रकाना सातवा आहे, तो जरूर पाहावा.

परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला व त्या दोन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती. तारीख कळवावी.

आपली,
दूरसंचार विभागातील एक सहयोगी प्राध्यापिका